मरानो, नवख्रिस्ती की अनुसीम?

प्रश्न असा आला आहे: गोव्याच्या इन्क्विझिशनवरच्या (म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयावरच्या) एका मराठी लेखात गार्सिया द ओर्ता या वैद्याला एके ठिकाणी ‘मरानो’, पुढे ‘नवख्रिस्ती’ आणि शेवटी ‘बाटगा ज्यू’ म्हटलंय. हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे का? आणि मराठीत लिहिताना कुठला वापरावा?

माणसं तीच आहेत, पण शब्द एका अर्थाचे नाहीत. एक शिवी आहे, एक सरकारदप्तरातलं नाव आहे, आणि तिसऱ्यात आपल्याकडचा विटाळ मिसळलेला आहे. त्या माणसांचे आप्त त्यांना ज्या नावाने ओळखत, तो चौथा शब्द मात्र लेखात आलेलाच नाही.

आधी शिवी. ‘मरानो’ म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये डुक्कर. बहुतेक कोशकार तो अरबी ‘मुहर्रम’ किंवा ‘महरम’ या शब्दाकडे, म्हणजे ‘निषिद्ध वस्तू’ या अर्थाकडे नेतात. आपला ‘हराम’, ‘हरामखोर’ आणि ‘मोहरम’ही त्याच अरबी धातूचे. डुकराचं मांस न खाणाऱ्या लोकांना बाप्तिस्मा द्यायचा आणि मग त्यांनाच डुक्कर म्हणायचं, इतका द्वेष या एका शब्दात आहे. इंग्रजी पुस्तकांतून तो सरसकट आल्यामुळे आपल्याकडे एखाद्या जातीजमातीच्या नावासारखा वापरला जातो. तसा तो वापरू नये. कुणाच्या तोंडचं वाक्य उद्धृत करत असाल तर अवतरणात ठेवा, एरवी टाळा.

आता ‘नवख्रिस्ती’. हा पोर्तुगीज ‘क्रिश्तांव-नोवु’चा शब्दशः अनुवाद. (आपला ‘किरिस्ताव’ याच ‘क्रिश्तांव’वरून आला.) त्यामागची हकिकत पाहिल्याशिवाय हे नाव कळत नाही. 1391 मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल शहरात यहुद्यांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि ते लोण कोर्दोबा, तोलेदो, व्हॅलेन्सिया, बार्सिलोनापर्यंत पसरलं. मरण की बाप्तिस्मा, एवढाच पर्याय समोर असताना हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. स्पेनमध्ये त्यांना ‘कोन्व्हेर्सो’ म्हणत. 1449 मध्ये तोलेदोत ‘रक्तशुद्धी’चा नियम झाला. त्यानुसार धर्म बदललेल्यांच्या वंशजांनाही शहरातली अधिकारपदं बंद झाली. म्हणजे बाप्तिस्मा घेऊनही सुटका नाही. आता दोष रक्तातच. 31 मार्च 1492 रोजी स्पेनचे राजाराणी फर्डिनांड आणि इसाबेला यांनी उरलेल्या यहुद्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला, मुदत जुलैअखेर. बरेच जण शेजारच्या पोर्तुगालात गेले.

तिथे तर आणखी वाईट घडलं. राजा मानुएलला स्पेनची राजकन्या हवी होती आणि यहुद्यांना घालवून देणं ही लग्नाची अट होती. पण व्यापारी, वैद्य, कारागीर असलेली ही माणसं गमावणं त्याला परवडत नव्हतं. 1496 च्या डिसेंबरात हकालपट्टीचा हुकूम निघाला. 1497 मध्ये मुलांना आईबापांपासून हिसकावून बाप्तिस्मा देण्यात आला आणि बोटीसाठी लिस्बनला गोळा झालेल्या मोठ्यांनाही बळजबरीने ख्रिस्ती करण्यात आलं. स्पेनमध्ये निदान देश सोडण्याची वाट होती. इथे तीही बंद. वर मानुएलने वचन दिलं की वीस वर्षं कुणाच्या श्रद्धेची चौकशी होणार नाही. पोर्तुगीज इन्क्विझिशन प्रत्यक्षात 1536 मध्ये सुरू झालं. सगळा समाज एकदम बाटवलेला आणि मधे जवळजवळ चाळीस वर्षांची सवड, म्हणूनच घराच्या आत धर्म टिकवण्याची रीत पोर्तुगालात इतकी खोल रुजली असं मला वाटतं.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. इन्क्विझिशनचा अधिकार मुळात बाप्तिस्मा झालेल्यांवर. त्यामुळे कोर्टासमोर उभा असलेला माणूस कागदोपत्री ख्रिस्तीच असे. गुन्हा हा की तो चोरून यहुदी चाली पाळतो. त्या चालींच्या याद्या चर्चमध्ये वाचून दाखवत, म्हणजे शेजाऱ्यांनी पाळत ठेवावी. शुक्रवारी घर झाडून दिव्याच्या वाती बदलणं, शनिवारी धुतलेले कपडे घालणं, मांसावरची चरबी काढून टाकणं, तारे दिसेपर्यंत उपास करणं, डुकराचं मांस नको म्हणणं. यातलं निम्मं कुठल्याही नीटनेटक्या बाईने सहज केलं असतं, आणि तेवढ्यावरून घरंच्या घरं तुरुंगात गेली.

गार्सिया द ओर्ता याच पिढीतला. आईवडील स्पेनमधून आलेले, त्याचा जन्म पोर्तुगालातल्या कास्तेलो दे व्हीदचा. 1534 मध्ये तो गोव्यात आला. अहमदनगरच्या बुर्‍हाण निजामशहाचा तो वैद्य होता आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. 1568 मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला चोरून यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जाळण्यात आलं, आणि 1580 मध्ये ओर्ताची हाडं उकरून काढून जाळली. जिवंतपणी त्याने उघडपणे काही कबूल केलेलं नव्हतं.

म्हणून ‘नवख्रिस्ती’ ही संज्ञा इतिहासलेखनाला योग्यच आहे, पण गोव्यापुरती एक अडचण होते. पोर्तुगीज कागदांत हा शब्द यहुदी वंशाच्या लोकांसाठी आहे. इथल्या बाटवलेल्या हिंदूंना ते बहुधा ‘या भूमीचे ख्रिस्ती’ अशा अर्थाच्या शब्दाने वेगळं दाखवत. मराठी वाचक मात्र ‘गोव्यातले नवख्रिस्ती’ वाचून या दुसऱ्याच लोकांचा विचार करणार, आणि पुढे इन्क्विझिशनचा रोख त्यांच्याकडेच वळल्याने घोळ आणखी वाढतो. तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘यहुदी वंशाचे नवख्रिस्ती’ असं पूर्ण लिहावं. कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाशीही या शब्दाची गल्लत करू नये. ते शनिवार पाळणारे तेली म्हणून गावोगाव उघडपणे राहिले. त्यांची गोष्ट वेगळी.

‘बाटगा ज्यू’ मात्र लेखातून काढून टाकावा. ‘बाटणे’ हे विहिरीचंही होतं आणि भांड्याचंही. पाव टाकून विहीर बाटवल्याच्या कथा आजही वसई-कोकणात सांगतात. त्या क्रियापदात विटाळ आहे, आणि ‘बाटगा’मध्ये उघड तुच्छता. पण मराठीची एक ताकद इथे कामाला येते. ‘बाटलेला’ आणि ‘बाटवलेला’ यांत जो ‘व’ येतो, तो बाटवणारा कुणीतरी आहे हे सांगतो. ‘धर्मांतरित’ या संस्कृत शब्दात तो बाटवणारा नाहीसा होतो, म्हणून नुसतं ‘धर्मांतरित ज्यू’ लिहिणं मला अपुरं वाटतं. ‘सक्तीने ख्रिस्ती केलेले’ लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

उरला तो चौथा शब्द: हिब्रूतला ‘अनुसीम’. ‘ओनेस’ म्हणजे बळजबरी, आणि ज्यांच्यावर ती झाली ते अनुसीम. हा मुळात यहुदी धर्मशास्त्रातला शब्द आहे. ज्याच्याकडून बळाने करवून घेतलं त्याला देव दोष देत नाही, असं तालमूद हा यहुदी धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो. उत्तर आफ्रिका आणि स्पेनमध्ये अल्मोहाद राजवटीने यहुद्यांवर इस्लाम लादला तेव्हा, बाराव्या शतकात, मायमोनिडीस या यहुदी धर्मपंडिताने त्या पीडितांच्या बाजूने पत्र लिहिलं, तेही याच विचाराने: तोंडून काही वदवून घेतलं म्हणून माणूस आपल्यातून जात नाही, त्याने जमेल तेवढं पाळावं आणि जमेल तेव्हा तिथून निघून जावं. हा शब्द वापरणारा त्या माणसाला अजून आपला मानतो.

आणि तसं मानण्यात तथ्य होतं. सॅम्युएल श्वार्त्स हा पोलंडचा खाण-अभियंता 1917 च्या सुमारास पोर्तुगालच्या डोंगराळ भागातल्या बेल्मोंत गावी अशा घरांपर्यंत पोचला. आपण यहुदी आहोत हे त्याने सांगितलं, पण कुणाचा विश्वास बसेना. त्यांच्या प्रार्थना पोर्तुगीजमध्ये होत्या. हिब्रू येत नव्हतं. शेवटी त्याने ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना म्हणून दाखवली. त्यात ‘अदोनाय’ (प्रभू) हा शब्द येताच तिथल्या म्हातारीने हातांनी डोळे झाकले. चारशे वर्षांत तो एक शब्द हरवला नव्हता, आणि तो जपला होता बायकांनी, मुलींना तोंडी शिकवून. 1996 मध्ये बेल्मोंतला उघड सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) झालं.

थोडक्यात वापराचं: कागदपत्रांविषयी लिहिताना ‘यहुदी वंशाचे नवख्रिस्ती’, त्या माणसांविषयी लिहिताना ‘अनुसीम’, पहिल्या वेळी अर्थ देऊन. ‘अनुसीम’ हे अनेकवचनच आहे, म्हणून ‘अनुसीम्स’ नको. ‘अनुसीमांना’, ‘अनुसीमांची’ असं मराठी प्रत्यय लावून बेलाशक चालवा. एकट्या पुरुषाला ‘अनूस’, बाईला ‘अनुसा’. तेव्हा कातारिना द ओर्ताविषयी लिहायचं झालं तर ‘अनुसा’.