लसीबद्दल विश्वास वाढवायला वस्तीपातळीवर काम करायचं आहे. पैसा कुठून आणायचा आणि कशावर खर्च करायचा?

तुम्ही लिहिलंय की तुमचा दहा-बारा जणांचा गट आहे, पेठ आणि दिंडोरी तालुक्यांतल्या काही पाड्यांवर आणि नाशिक शहरातल्या एका वस्तीत तुमची ये-जा आहे. तिथल्या मुलांचं लसीकरण अर्धवट राहतंय, लोक बिचकतात. सातपूरच्या एका कंपनीनं प्रस्ताव मागितलाय आणि तुम्ही त्यात फ्लेक्स, पथनाट्य, रॅली, माहितीपत्रकं असा खर्च धरलाय. तो बरोबर आहे का, आणि आणखी कुठून मदत मिळेल, असा तुमचा प्रश्न आहे.

मी नाशिक जिल्ह्यात एका छोट्या संस्थेत अकरा वर्षं हेच काम करते. निम्मा वेळ वस्तीवर जातो, निम्मा हिशेबाच्या वह्यांत. त्यामुळे आधी खर्चाबद्दल बोलते, मग पैशाच्या वाटांबद्दल.

फ्लेक्स काढून टाका. हे मी चूक करून शिकले. पहिल्या वर्षी आम्ही पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर समाजमंदिराच्या भिंतीला फ्लेक्स लावला होता. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'लस पूर्ण सुरक्षित, बाळाला कोणताही त्रास नाही'. त्याच आठवड्यात एका दीड महिन्याच्या बाळाला पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस मिळाला. रात्री अंग तापलं, मांडी सुजली, बाळ पहाटेपर्यंत रडलं. दोन दिवसांनी मी गेले तेव्हा त्याच्या आजीनं माझा हात धरला आणि मला त्या फ्लेक्सखाली नेऊन उभं केलं. तिला वाचता येत नव्हतं, मोठ्या नातवाकडून तिनं तो वाचून घेतला होता. "हे तुम्हीच लावलं ना ताई? मग खोटं का लिहिलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरंच खोटं होतं. पेंटामध्ये डांग्या खोकल्यावरच्या लसीचा जो भाग असतो, त्यानं एक-दोन दिवस ताप येणं, टोचलेली जागा दुखणं हे नेहमीचं आहे. प्रत्येक नर्सताईला ते माहीत असतं. लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढचा डोस कधी, आणि कार्ड जपून ठेवा. पण अंगणवाडीच्या पडवीत रांग लागलेली असते, चार बाळं एकदम रडत असतात, आणि त्यातली दुसरी गोष्ट नेमकी राहून जाते. त्या पाड्यावर पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोसाला फारच थोड्या बाया आल्या. आम्ही स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या हातानं विश्वास मोडला होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. लसीवरचा विश्वास डोसाच्या आधीच्या भाषणानं कमी आणि डोसानंतरच्या दोन रात्रींमध्ये जास्त ठरतो. त्या रात्री कुणी फोन उचलला का, दुसऱ्या दिवशी दारात कुणी आलं का, यावर पुढचे सगळे डोस अवलंबून असतात. म्हणून पैसा मागायचा तो या माणसासाठी. वस्तीतलीच बाई, जिचं घर सगळ्यांना माहीत आहे, जिची स्वतःची पोरं त्याच अंगणवाडीत टोचून घेतलीत.

आणि लोक 'बिचकतात' म्हणजे नेमकं काय, हेही आधी तपासा. आपण पटकन अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. गोवराला देवी आली म्हणून कडुलिंबाचा पाला बांधणारी घरं आहेतच, नाही असं नाही. पण दिंडोरीच्या द्राक्षबागांमध्ये ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या येतात, तिथे एका शेडमध्ये मी एका आईशी बोलत होते. मूल पाच महिन्यांचं, कार्ड पिशवीत व्यवस्थित घडी घालून ठेवलेलं, त्यावर फक्त पहिला डोस. मी लसीचे फायदे सांगायला लागले तर ती म्हणाली, "ते माहीतय ताई. मागच्या टायमाला पोर रात्रभर रडलं, दुसऱ्या दिवशी माझा खाडा पडला. मुकादम म्हणला, परत खाडा केला तर टोळीत घेणार नाही."

तिला लसीची भीती नव्हतीच. तिचा मजुरीचा हिशोब बसत नव्हता. तिथे पथनाट्य काय करणार? आम्ही बागायतदाराशी बोललो. डोसाच्या दुसऱ्या दिवशी त्या बायांना अर्धा दिवस सुट्टी आणि हजेरी पूर्ण लावायची, एवढंच मागितलं. पहिल्यांदा कुरकुरला, मग तयार झाला. शिवाय लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रापर्यंत स्वतःचा पिकअप दिला. हा कुठल्याही प्रस्तावात न बसणारा निधी आहे, पण आमच्या हिशेबवहीत मी त्याची रुपयांत नोंद ठेवते. देणगीदाराला दाखवायला ती उपयोगी पडते.

आता आकडे. वस्तीतल्या अशा पाच ताई, प्रत्येकी महिना ३,००० मानधन, वर्षाचे १,८०,०००. प्रत्येकीला महिन्याला ३०० रुपये फोनचे आणि ५०० प्रवासाचे, मिळून वर्षाला ४८,०००. महिन्याला एक बैठक, चहा-पोहे आणि येण्याजाण्याच्या भाड्यासह १,५०० रुपये, म्हणजे १८,०००. आणि ३०,००० रुपये वेगळे काढून ठेवा, रात्री-अपरात्री बाळाला ग्रामीण रुग्णालयात न्यायची वेळ आली तर गाडीभाड्याला. एकूण २,७६,०००. या ३०,००० वर कंपनीतला माणूस हमखास पेन ठेवतो, 'हे कशाला' म्हणून. ते कापू देऊ नका. आम्हाला ते फार क्वचित लागले, पण ते आहेत हे वस्तीला माहीत असणं वेगळं असतं. औषधं मात्र तुमच्या ताईंनी स्वतः वाटायची नाहीत, ती नर्सताईनं किंवा डॉक्टरांनी सांगितलेलीच.

बैठकीच्या भाड्यात आजीबाईंचं भाडंही धरा. पंचवटीतल्या एका वस्तीत आमच्या बैठकीला एक आजी रिक्षानं यायच्या, पायांनी अधू. एकदा सुनांची चर्चा चालू असताना त्यांनी पोलक्याची बाही वर केली आणि दंडावरचे देवी काढल्याचे, म्हणजे देवीच्या रोगावरची लस टोचल्याचे, गोल वण दाखवले. "माझ्या थोरल्या बहिणीला काढल्या नव्हत्या. ती गेली. मी बसलेय तुमच्यासमोर." देवीचा देशातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, त्यामुळे त्या सुनांपैकी कुणीच तो रोग पाहिलेला नाही. आजींनी पाहिला होता. चाळीस रुपये रिक्षाचे, आणि मी तरी यापेक्षा चांगला खर्च केलेला नाही.

मुदतीबद्दल अडून बसा. कंपन्या एप्रिल ते मार्च असा विचार करतात. पण गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा महिन्यांनंतर असतो. म्हणजे तुमचा प्रकल्प सुरू झाला त्या दिवशी जन्मलेल्या बाळाचंही लसीकरण बारा महिन्यांत पूर्ण होत नाही. हे एक वाक्य प्रस्तावात लिहा आणि किमान दोन वर्षं मागा. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, भिवंडीत आणि आपल्या मालेगावात गोवर पसरला तेव्हा सगळेच धावले. आम्हालाही एका देणगीदारानं बोलावून पैसे दिले, ३१ मार्चपर्यंत संपवा म्हणून. आम्ही बायका नेमल्या, त्या घराघरांत पोचल्या, लोक त्यांना नावानं ओळखायला लागले, आणि एप्रिलमध्ये मला त्यांना सांगावं लागलं की आता मानधन नाही. त्यातली एक मला म्हणाली, "आता लोक विचारतील, साथ संपली तशी तू पण संपलीस का?" गोवर अडवायचा तर शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस लागतात. ते काम शांत महिन्यांत होतं, साथीच्या धावपळीत नाही.

देशानं हे एकदा करून दाखवलंय. पोलिओच्या काळात उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये सर्वांत कठीण मोहल्ल्यांत तिथल्याच बायकांना मानधन देऊन नेमलं, आणि वर्षानुवर्षं टिकवलं. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो. यात डोस होतेच, पण दार उघडायला लावणारी बाई त्याच गल्लीतली होती.

पैशाच्या वाटा. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, ही तुमच्यासाठी मोठी वाट. कायद्यानं मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते आणि प्रतिबंधात्मक आरोग्य त्यात बसतं. पण तुमचा गट नोंदणीकृत आहे का? १२-ए आणि ८०-जी (या आयकर खात्याकडच्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) नोंदणी नसेल तर कंपनी तुम्हाला थेट पैसे देऊ शकणार नाही. घाईनं ट्रस्ट काढू नका. ज्यांच्याकडे हे सगळं आहे अशा जिल्ह्यातल्याच संस्थेबरोबर लेखी करार करून काम करा, आणि मानधन थेट ताईंच्या बँक खात्यात जाईल अशी अट घाला.

परदेशी निधीच्या मागे लागू नका. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० ला झालेल्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला मिळालेला परदेशी पैसा छोट्या संस्थेला पुढे देता येत नाही. स्वतःची नोंदणी करायची तर तीन वर्षांचं काम आणि १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. त्या धडपडीत दोन वर्षं घालवलेले गट मी पाहिलेत.

गावातच पडून असलेला पैसा लोक विसरतात. प्रत्येक गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी असतो, म्हणजे कशावर खर्च करायचा ते समितीनं ठरवायचं. रक्कम छोटी आहे, पण बैठकीचा, गाडीभाड्याचा खर्च त्यात बसू शकतो. आणि पेठ पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, आहे. तिथल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट येतो आणि आरोग्य हा त्यातला एक विषय आहे. ठराव ग्रामसभेचा लागतो. सरपंचांना एकटे गाठू नका. दोन-तीन आयांनी ग्रामसभेत उभं राहून मागणी केली की कागद पुढे सरकतो.

एका बाबतीत मी फार कडक आहे. लस बनवणाऱ्या कंपनीचा पैसा या कामाला घेऊ नका, आणि ताईंना डोसामागे पैसे देऊ नका. मालेगावात एका यंत्रमाग कामगाराच्या घरी आमच्या ताईला पहिला प्रश्न आला तो लसीबद्दल नव्हता. "बाजी (ताई), तुम्हाला यातून काय मिळतं?" ती सरळ म्हणाली, "महिन्याला तीन हजार. तुम्ही पोराला नाही टोचलं तरी तेवढेच." घरातला माणूस हसला आणि तिला आत बसायला सांगितलं. नसबंदीची टार्गेटं ज्यांच्या घरात आजही आठवतात, तिथे डोसामागे कमिशन आहे असा नुसता वास आला तरी दार बंद होतं. आणि आशाताईंवर हे काम फुकट लादू नका. बाळाचं पहिल्या वर्षाचं सगळं लसीकरण पूर्ण केल्याचे त्यांना १०० रुपये मिळतात, त्यातही उशीर. त्या तुमच्या जोडीदार आहेत, त्यांचा प्रवासखर्च धरा.

अहवालात कंपनी 'किती लोकांपर्यंत पोचलात' विचारेल. त्याऐवजी तीन गोष्टी द्यायला आधीच तयार करा: पेंटाचा पहिला डोस घेतलेल्यांपैकी तिसऱ्याला किती आले, डोसाच्या दुसऱ्या दिवशी किती घरी जाऊन भेट झाली, आणि लोकांनी कोणते प्रश्न विचारले. प्रश्नांची वही ताईंकडेच असू द्या, त्यांच्या शब्दांत. आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न जन्मानंतर दिलेल्या बीसीजीचा आहे: "दंडावर गाठ येऊन पिकली, काय लावू?" काहीच लावायचं नसतं, ती आपोआप बरी होते आणि वण राहतो. पण हे त्या आईला कुणीतरी आधी सांगायला हवं ना. काही गंभीर झालंच तर लपवू नका, त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा, चौकशीत काय निघालं ते मागून घ्या आणि वस्तीत येऊन सांगा, ते आपल्या विरोधात गेलं तरी.

गावांचे पुढच्या वर्षाचे आराखडे ऑक्टोबरपासून बनायला लागतात आणि त्याच सुमारास टोळ्या बागांकडे निघतात. त्याआधी पेठच्या पाड्यांवर जाऊन यादी करा: कोणती बाळं कुठल्या बागेत जाणार, मुकादम कोण, त्याचा नंबर काय. या यादीला एक रुपयाही लागत नाही, आणि प्रस्तावाला हीच जोडा.