धुराची बिअर आणि पक्का शाकाहारी

प्रश्न: नमस्कार, मी नोकरीनिमित्त जर्मनीत एर्लांगनला असतो. मध्यंतरी ऑफिसातल्या मित्रांनी बाम्बेर्गला नेलं आणि श्लेंकर्ला नावाच्या ब्रुअरीच्या पबमधली ती काळपट राऊखबिअर, म्हणजे धुराची बिअर, पाजली. पहिल्याच घोटाला असा काही धुरकट मांसाचा वास आला की ग्लास खालीच ठेवला. मी पक्का शाकाहारी, त्यात मांस-बिंस टाकतात का? आणि मित्र म्हणतात तुला पिताच येत नाही, ते खरं का?

उत्तर: आधी निश्चिंत व्हा, त्यात मांस नाही, चरबी नाही, वरून ओतलेला धुराचा इसेन्सपण नाही. पाणी, माल्ट, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट, संपलं. धूर येतो माल्टमधून, म्हणजे बार्ली भिजवून मोड आणतात आणि ते ओले मोड वाळवताना खाली बीच झाडाची लाकडं पेटवतात, तो धूर दाण्यात मुरतो. तिकडे हॅमलाही बऱ्याचदा बीचचाच धूर देतात, धुरातली ग्वायकॉल वगैरे द्रव्यं दोन्हीकडे तीच, म्हणून तुमच्या नाकाची फसगत झाली (पक्क्या शाकाहारी नाकाला तो वास ओळखता कसा आला हे मी विचारत नाही). आणि हे आजकालचं फॅड नाही बरं का, एके काळी माल्ट सर्रास लाकडाच्या जाळावर वाळवायचे, मग कोक (फारसा धूर न करणारा कोळसा) आला, गरम हवेच्या भट्ट्या आल्या, बाकीच्यांनी धूर सोडला, बाम्बेर्गात श्लेंकर्ला आणि श्पेत्सिआल या दोन ब्रुअऱ्यांनी धरून ठेवला.

आता पिण्याचं. पहिल्या घोटावर निकाल देऊ नका, तिथल्या ग्लासाखालच्या कोस्टरवरच लिहिलेलं असतं की सुरुवातीला चव विचित्र वाटली तरी थांबू नका. पहिले दोन-तीन घोट नुसता धूर लागतो, मग नाक त्याला सरावतं आणि अर्ध्या ग्लासापर्यंत खालून माल्टचा गोडवा वर यायला लागतो, भाजलेल्या पावाच्या कडेसारखा, शेवटी जिभेवर कोरडा कडवटपणा. बर्फगार पिऊ नका, आठ-दहा डिग्रीला वास नीट उघडतो. सोबत साधा ब्रेड नि चीज घ्या, लोणचं-तिखट नको, सगळं मारून टाकतं. तरी झेपलं नाही तर श्पेत्सिआलची घ्या, ती सौम्य आहे, किंवा श्लेंकर्लाचीच हेलेस, म्हणजे फिक्या रंगाची बिअर, तिच्यात धुराचं माल्ट घालतच नाहीत पण त्याच भांड्यांतून आणि यीस्टमधून थोडा धूर उतरतोच. एवढं करून नाही आवडली तर नाही आवडली, मित्रांना सांगा गप बसा.

बिअरपेक्षा मेन्यूला जपा. बाम्बेर्गर त्स्वीबेल म्हणून भरलेला कांदा मिळतो, दिसायला आपल्या भरल्या भाजीतला वाटेल पण आत डुकराचा खिमा असतो.

प्रश्न: बिअर काळी म्हणजे स्ट्राँग का? आणि स्मोक्ड बिअर घरी ठेवून पुढे प्यायली तर चालते का?

उत्तर: रंगाचा आणि अल्कोहोलचा काही संबंध नाही, रंग माल्ट किती भाजलं त्यावर. श्लेंकर्लाची काळसर मेर्त्सन, म्हणजे त्यांची नेहमीची राऊखबिअर, ५.१ टक्केच आहे. ती ताजीच प्या. ठेवायची हौस असेल तर अलास्कन स्मोक्ड पोर्टर ही गडद बिअर बघा, अलास्कात जुनोला १९८८पासून बनते, आल्डर झाडाच्या लाकडाच्या धुराची, लेबलवर वर्ष छापलेलं असतं आणि लोक मुद्दाम काही वर्षं मुरवत ठेवतात. अंधाऱ्या थंड जागी, बाटली उभी.