नवीन जोडलेल्या पीसीचे पंखे फिरतात, पण मॉनिटरवर काहीच येत नाही. बोर्ड गेला का?

बोर्ड गेला असेल असं मला वाटत नाही. निदान तुम्ही जे लिहिलंय, त्यावरून तरी नाही.

मागून येणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगते. रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, दुकानात बरेच दिवस पडून असलेला बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, मित्राकडून घेतलेलं जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड आणि ५५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा). बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, आरजीबी (शोभेचे रंगीत दिवे) झगमगते, पण मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणून झोपून जातो. नागपुरातल्या बर्डीवरचा दुकानदार न बघताच फोनवर म्हणाला, ‘बोर्ड उडाला, नवा घ्या.’

मी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते. काळी स्क्रीन घेऊन बसलेली मशिन्स हे माझं रोजचं काम. त्यात खरोखर बोर्ड मेलेला निघणं कमीच. बहुतेक वेळा काहीतरी अर्धवट बसलेलं असतं, किंवा दोन चांगल्या वस्तूंचं एकमेकींशी जमत नसतं. तुमच्या यादीत तर हे दुसरं प्रकरण मला सरळसरळ दिसून राहिलं आहे. त्याकडे येतेच.

आधी पंख्यांचं. पंखे फिरले म्हणजे घरात लाइट आहे एवढंच कळतं, घरात कोणी जागं आहे की नाही ते कळत नाही. पंख्याला १२ व्होल्ट मिळाले की तो फिरतो. प्रोसेसर काम करतोय का, रॅम सापडली का, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं. म्हणून ‘पंखे तर फिरतात’ यावरून ना बोर्ड चांगला ठरतो, ना खराब.

कोणी जागं आहे का, हे पाहायचं असेल तर कीबोर्ड घ्या. यूएसबीचा साधा, नम लॉकचा दिवा असलेला. मागच्या पोर्टला लावा, मशीन चालू करा, मिनिटभर थांबा आणि नम लॉक दाबत राहा. दिवा लागत-विझत असेल तर प्रोसेसर, रॅम, बोर्ड सगळं उठलेलं आहे आणि भानगड फक्त ग्राफिक्स कार्ड ते मॉनिटर या टप्प्यात आहे. दिवा ढिम्म असेल तर मशीन त्याच्या आधीच कुठेतरी अडकलंय. या एका चाचणीने निम्मं काम होतं आणि तिला एक स्क्रूही उघडावा लागत नाही.

दिवा लागत असेल तर केबल कुठे लावली आहे ते बघा. हसू नका, भल्याभल्यांची केबल बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये निघते. ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही. बोर्डावर एचडीएमआयचं भोक आहे ते ‘जी’वाल्या प्रोसेसरसाठी, म्हणजे ५६००जी वगैरे. तुमच्या प्रोसेसरसोबत ते भोक शोभेचं. केबल खाली, आडव्या बसलेल्या कार्डाच्या पोर्टलाच लागली पाहिजे. (इंटेलवाल्यांनो, तुमच्या प्रोसेसरच्या नावामागे ‘एफ’ असेल तर तुमचंही हेच.) मग मॉनिटरच्या बटणाने इनपुट एचडीएमआय आहे की डिस्प्ले पोर्ट ते तपासा, एकदा केबल बदला, शक्य असेल तर टीव्हीला लावून बघा. कार्ड मित्राकडचं आहे, तर ते काढून त्याच्या सोनेरी कडेवर साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, रबराचे कण झटका आणि खाचेत परत बसवा, शेवटचा खटका ऐकू येईपर्यंत. त्या कार्डाला एसएमपीएसची वेगळी वायरही लागते. खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात आणि हे कार्ड १२५ वॅटपर्यंत खातं, म्हणून त्याच्या डोक्यावर ८ पिनचं सॉकेट असतं. ते रिकामं ठेवून कार्डाचे पंखे फिरले तरी कार्ड नीट चालणार नाही.

पण माझा अंदाज विचाराल तर तुमचा नम लॉक लागणारच नाही.

कारण बी४५० हा बोर्ड २०१८ चा आणि रायझेन ५ ५६०० आला २०२२ मध्ये. सॉकेट एकच, एएम-४, म्हणून प्रोसेसर आरामात बसतो. पण बोर्डाच्या चिपमध्ये जो बायोस (मशीन उठवणारा पहिला प्रोग्रॅम) भरलेला असतो, तो जर जुना असेल तर त्याला ५००० मालिकेचा प्रोसेसर माहीतच नसतो. मग बोर्ड काय करतो? पंखे फिरवतो, लाइट लावतो आणि गप्प बसतो. ना एरर, ना बीप. तुम्ही वर्णन केलंय तसंच. दुकानात पडून असलेला बोर्ड म्हटल्यावर माझा पहिला संशय इथेच गेला. बोर्डाच्या खोक्यावर ‘रायझेन ५००० डेस्कटॉप रेडी’ असं स्टिकर आहे का बघा. असेल तर बायोस नवा आहे, माझा अंदाज चुकला, पुढचं वाचा. नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या बोर्डाचं पान उघडा, सीपीयू सपोर्टच्या यादीत ५६०० समोर कोणत्या नंबरचा बायोस लागतो ते लिहिलेलं असतं.

बायोस बदलायचा कसा, हे बोर्डावर अवलंबून आहे. काही बी४५० बोर्डांच्या मागे, यूएसबी पोर्टांच्या रांगेत, फ्लॅशबॅकचं एक छोटं बटण असतं. ते असेल तर तुम्ही भाग्यवान, कारण प्रोसेसर ओळखला जात नसला तरी काम होतं. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, बायोसची फाइल टाका, तिला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्या (नाव एका अक्षरानेही चुकलं तर काही होत नाही आणि आपण बटणालाच दोष देत बसतो), खुणेच्या पोर्टातच लावा आणि बटण दाबा. दिवा लुकलुकायला लागेल. तो आपणहून थांबेपर्यंत हात लावायचा नाही, पाच-सात मिनिटंही लागतात. आणि कृपा करून हे काम मे महिन्यात दुपारी करू नका. आपल्याकडे भर उन्हात लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि बायोस लिहिताना लाइट गेली तर बोर्ड खरंच जाऊ शकतो. सकाळी करा, नाहीतर यूपीएसवर करा.

बटण नसेल तर जुना रायझेन लागेल. बी४५०च्या वेळचाच २६०० मिळाला तर उत्तम, तो त्या बोर्डाच्या कोणत्याही बायोसवर उठतो. तो लावून बायोस अपडेट करायचा आणि मग तुमचा ५६०० परत. घरी हे करत बसण्यापेक्षा बोर्ड घेऊन दुकानात जा. तिथे काय बोलायचं ते शेवटी सांगते.

बायोस ठीक निघाला तर बोर्डाच्या उजव्या कडेला, रॅमजवळ किंवा जाड २४ पिनच्या वायरीजवळ, चार बारीक दिवे आहेत का बघा. शेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट असं छापलेलं असतं. मशीन चालू केल्यावर ते एकेक करून लागतात आणि विझतात. जो लागून राहतो, तिथे गाडी अडली. स्वस्तातल्या बोर्डांवर हे दिवे नसतात. मग पाच-पन्नास रुपयांचा छोटा बजर आणून स्पीकरच्या पिनांवर लावायचा आणि बीप मोजायचे. बीपांचा अर्थ मॅन्युअलमध्ये.

सीपीयूचा दिवा लागून राहिला तर पहिल्यांदा बोर्डाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात पाहा. तिथे ८ पिनचं एक सॉकेट असतं, कॅबिनेटच्या छताखाली असं लपलेलं की बोर्ड आत बसवल्यावर दिसतच नाही. प्रोसेसरची वीज तिथून जाते. ते राहिलं तर बाकी सगळं झगमगतं आणि स्क्रीन काळी. त्यात लागणारी वायर ४+४ अशी दुभंगलेली असते. ग्राफिक्स कार्डाची ६+२ असते आणि दिसायला अगदी बहीण. जोर लावावा लागत असेल तर ती चुकीची आहे. वायरी सुट्या होणारा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची वायर त्याला लावायची नाही. टोक बसतं, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि बोर्ड-कार्ड सगळं जळू शकतं.

डीरॅमवर अडलं तर दोन्ही रॅम काढा आणि एकच, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लावा. बऱ्याच बोर्डांवर तिच्याजवळ ए-२ छापलेलं असतं. दाबताना दोन्ही टोकांना अंगठे ठेवून भरवशाने दाबा. लोक घाबरून हळू दाबतात आणि एका बाजूचा खटका लागतच नाही. डोळा खाचेच्या पातळीवर आणून आडवं बघा: रॅमच्या खालची सोनेरी पट्टी एका टोकाला नखभर जास्त दिसत असेल तर ती बसलेली नाही. एका रॅमवर उठलं नाही तर दुसरी त्याच खाचेत. सोबत बायोसच्या सेटिंगही पुसून घ्या. एसएमपीएसची वायर भिंतीतून काढा, बोर्डावरचा गोल ३ व्होल्टचा सेल काढून पाच मिनिटं थांबा, परत घाला.

(तुमचा बोर्ड डीडीआर-४ रॅमचा आहे, म्हणून हे तुम्हाला लागू नाही. पण ज्यांनी नवा एएम-५ सॉकेटचा बोर्ड आणि डीडीआर-५ रॅम घेतलीय, त्यांनी पहिल्यांदा चालू केल्यावर नुसतं बसून राहावं. तो रॅमशी जुळवून घेत असतो आणि तेवढ्यात कित्येक मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. घाबरून बटण दाबून बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून.)

एवढ्याने झालं नाही तर सगळं बाहेर काढा. हा भाग लोक टाळतात, कारण वायरी नीट बांधून, फोटो काढून झालेले असतात. पण कॅबिनेटमध्ये बोर्डाच्या मागे एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून वर धरणारा बुटका स्क्रू) जास्तीचा, भलत्याच जागी राहिला असेल तर तो बोर्डाला पाठीमागून शॉर्ट करतो आणि तो समोरून कधीच दिसत नाही. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर नको, ती वीज वाहू शकते. त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस एवढंच. हार्ड डिस्क, आरजीबी, समोरचे यूएसबी काही नको. पॉवर स्विचच्या दोन पिना पेचकसाच्या टोकाने क्षणभर जोडा. इथे चित्र आलं तर दोष कॅबिनेटच्या आत आहे. मग एकेक वस्तू जोडत जा, जिथे अडेल तिथे थांबा.

प्रोसेसर उचलून पिना पाहायचं काम मी मुद्दाम शेवटी ठेवते. एएम-४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१. पंखा सरळ ओढला तर मधल्या थर्मल पेस्टला (उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाला) चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. मशीन थोडा वेळ चालू ठेवून पेस्ट कोमट होऊ द्या, बंद करा, भिंतीतली पिन काढा, मग पंखा डावी-उजवीकडे पिळत सोडवा. वाकलेली पिन दिसली तर सुईने टोचू नका. शिसं काढलेल्या ०.७ च्या मेकॅनिकल पेन्सिलीचं पोकळ टोक तिच्यावर चढवून हळूच सरळ करतात.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. एसएमपीएस सुरू असताना कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण होते का? होत असेल तर घराच्या अर्थिंगचं बघा. एसएमपीएसच्या आत लाइनमधली खरखर गाळणारे छोटे कॅपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर निम्म्या लाइनएवढं व्होल्टेज येतं. करंट नगण्य, पण चालू मशीनमध्ये एचडीएमआय खुपसताना तोच झटका पोर्ट मारू शकतो. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत भिंतीत तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या. तोपर्यंत मॉनिटरची केबल मशीन बंद असतानाच लावा-काढा. आणि काम करताना डेझर्ट कूलर समोर नको, त्याची ओलसर हवा आणि पाण्याचे तुषार उघड्या बोर्डावर यायला नकोत.

आता दुकान. बर्डीला जाताना बोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम न्या, सोबत बिल. ‘बोर्ड खराब आहे’ असं आपण म्हणायचंच नाही. म्हणायचं, ‘भाऊ, जुना रायझेन लावून माझ्यासमोर चालू करा आणि बायोस अपडेट करून द्या.’ जुन्या रायझेनवर उठला तर वाद मिटला. त्यावरही नाही उठला, तर दुसरी रॅम आणि त्यांचाच एसएमपीएस लावायला सांगा. तरीही काळं राहिलं तर तो बोर्ड वॉरंटीत द्या, आणि देण्याआधी त्याच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळतो का ते तिथेच उभं राहून पाहा.