एफईसी ३/४ चं १/२ केलं तर पावसात डिश चालेल का?

नाही चालणार. तुमचा डिशवाला म्हणतोय की बॉक्सच्या मेनूत एफईसी ३/४ आहे ते १/२ करा म्हणजे गुहागरच्या पावसात चित्र टिकेल, त्यातलं अर्धं खरं आहे, १/२ जास्त टिकाऊ असतं, पण ते ठरतं जिथून चॅनल सॅटेलाइटला वर पाठवतात तिथे, आपल्या घरात नाही.

एफईसी म्हणजे मूळ डेटाबरोबर मुद्दाम जादा बिट्स पाठवायचे, म्हणजे वाटेत काही खराब झालं तर घेणाऱ्याने ते परत न मागता स्वतःच सुधारून घ्यावं. मोबाइलला परत मागता येतं, डिशला नाही, ती नुसती ऐकते. आंब्याच्या सीझनला आपण वाशीच्या मार्केटला फोनवर सांगतो ना, "आठ पेट्या, पाच डझनी, एकूण चाळीस डझन", मग लाइन खरखरली आणि समोरच्याला आठचं साठ ऐकू आलं तरी पुढच्या हिशोबावरून तो आठच धरतो. रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाने अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९५० साली हे गणितात चोख बसवलं, ४ बिट्सना ३ जादा जोडायचे, मग ७ पैकी कुठलाही १ बिघडला तरी नेमका कुठला ते सापडतं.

तुमच्या बॉक्सवर २९५०० (हा सिम्बॉल रेट) आणि ३/४ दिसतंय म्हणजे बहुधा जुनं डीव्हीबी-एस आहे, म्हणजे सॅटेलाइटवरून टीव्ही पाठवायची जुनी पद्धत, त्यात अशा जादा बिट्सचे दोन थर असतात. आधी १८८ बाइटच्या पॅकेटला रीड-सोलोमन नावाच्या कोडचे १६ बाइट लागतात, २०४ होतात, आणि त्यातले ८ बाइटपर्यंत खराब झाले तरी दुरुस्त होतात. मग बाइट्सची पांगापांग करतात, म्हणजे एकाच ठिकाणी ढीगभर चुका आल्या तरी त्या बऱ्याच पॅकेटांत थोड्या थोड्या वाटल्या जाव्यात. त्यानंतर दुसरा कोड, तो प्रत्येक बिटाचे २ करतो, हाच तो १/२. आता गंमत बघा, ३/४ काही वेगळा कोड नाही, ३ बिटांचे ६ झाले की त्यातले २ चक्क टाकून देतात आणि ४ पाठवतात. जे २ बिट वर पाठवलेच नाहीत ते तुमचा बॉक्स मेनू बदलून कुठून आणणार? बरेच बॉक्स तर रेट स्वतःच ओळखतात, तुमच्या सेटिंगकडे बघतही नाहीत, आणि जे ऐकतात ते भर उन्हातही 'नो सिग्नल' दाखवतील.

पाठवणारे १/२ का नाही ठेवत? पैसा. त्याच ट्रान्सपॉन्डरवर (सॅटेलाइटवरचा एक प्रक्षेपण मार्ग, त्यात बरेच चॅनल बसतात) ३/४ ला साधारण ४०.८ एमबीपीएस मिळतात, १/२ ला २७.२, म्हणजे तिसरा हिस्सा चॅनल गेले.

आता खरा मुद्दा, जो डिशवाले सांगत नाहीत. जुन्या अँटेनावर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, आवाज चालू राहायचा, माणूस मॅच ऐकत बसायचा. इथे ८ बाइट चुकले तरी चित्र एकदम स्वच्छ, ९ चुकले की पॅकेट गेलं, आणि जेमतेम एका डीबीच्या (डेसिबल, सिग्नलचं माप) फरकात चौकोन चौकोन होऊन स्क्रीन काळा. म्हणजे कोड तुमच्या डिशचं सगळं दुखणं शेवटपर्यंत झाकून ठेवतो. मे महिन्यात चित्र झकास दिसतं म्हणून डिश बरोबर लागलीय असं धरू नका, ती काठावर असेल तरी तसंच दिसणार. पाऊस लागायच्या आधी मेनूत क्वालिटी बघा (स्ट्रेंग्थ नाही, ती नॉइजनेपण वाढते), आणि डिश केसाकेसाने हलवून क्वालिटी जास्तीत जास्त होईल तिथे बोल्ट आवळा.

डिश ६० सेमीची असेल तर ९० ची लावा. त्याने साधारण ३.५ डीबी मिळतात, आणि ३/४ वरून १/२ वर गेल्याने जे मिळालं असतं ते पावणेतीनच्या आसपास, म्हणजे डिशवाल्याला हवं होतं त्यापेक्षा जास्तच. पण मोठी डिश नेम चुकलेला खपवून घेत नाही आणि वाराही जास्त धरते, म्हणून कौलांवर नको, खाली चिऱ्याच्या चौथऱ्यावर पाइप ओळंब्यात उभा करून लावा. केबलच्या मधे लावतात तो इनलाइन बूस्टर घेऊ नका, तो फक्त लांब केबलमधली घट भरून काढतो, पावसाने आलेला नॉइज सिग्नलबरोबर तोपण वाढवतो.

एवढं करूनही जुलैतल्या एखाद्या सरीत जाणारच, केयू बँडवर (घरगुती डिश ज्या लहरींवर चालते त्या) मुसळधार पावसात १० डीबीच्या वर नुकसान होतं, ते कुठलीच घरगुती डिश भरून काढत नाही. आणि तुमच्या अंगणात थेंब नसताना गेलं तर चक्रावू नका, फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आपल्याकडून आग्नेयेला, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, सिग्नल तिकडून तिरका येतो, दोन-तीन किलोमीटरवरच्या सरीतून तो येत असेल तर तेवढ्यानेही जातो.

शेजाऱ्यांचं एचडी तुमच्या आधी का जातं असंही विचारलंय. एचडीसाठी वापरतात त्या नव्या पद्धतीत, डीव्हीबी-एस२ मध्ये, एलडीपीसी नावाचा कोड आहे, रॉबर्ट गॅलागर या अमेरिकन संशोधकाने १९६० च्या सुमारास काढलेला, तेव्हाच्या मशीनना झेपला नाही म्हणून जवळजवळ तीसेक वर्षं कोणी फारसं विचारलं नाही. कोड जुन्यापेक्षा कितीतरी सरस, पण त्या बचतीतून पावसाला जागा ठेवण्याऐवजी बऱ्याचदा ८पीएसके लावून, म्हणजे प्रत्येक सिम्बॉलमध्ये दोनाऐवजी तीन बिट भरून, जास्त डेटा कोंबतात, म्हणून ते आधी जातं.

आणि हो, एलएनबीच्या (डिशसमोरचा सिग्नल घेणारा डबा) तोंडाचा एफ-कनेक्टर, म्हणजे केबलचं स्क्रूचं टोक, उघडून बघा आधी. खाऱ्या वाऱ्याने तो हिरवा पडला असेल तर कापून नवा लावा, वर सेल्फ-ॲमलगमेटिंग टेप गुंडाळा, आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथेच गळेल.