क्लास-ई अ‍ॅम्प्लिफायरमध्ये (रेडिओ सिग्नल मोठा करणारं एक सर्किट) ट्रान्झिस्टर नुसता स्विच म्हणून चालतो, मग सिग्नल चौकोनी का होत नाही आणि तो कमी कसा तापतो?

चौकोनी का होत नाही हे आधी उरकतो. पुढे कॉइल आणि कपॅसिटरचं ट्यून्ड सर्किट असतं, ते मूळ फ्रिक्वेन्सीच पुढे जाऊ देतं. खरा मुद्दा तापण्याचा, आणि त्यावरून माझं एका सरांशी वाजलेलं आहे.

7 मेगाहर्ट्झवर 5 वॉटचा मोर्स ट्रान्समीटर करत होतो. 12 व्होल्ट सप्लाय, आयआरएफ510 मॉसफेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार). गणितात लोड आला 16.6 ओम आणि ड्रेन (मॉसफेटचं आउटपुटचं टोक) ते ग्राउंड कपॅसिटर 250 पिकोफॅरड. जोडला, चालू केलं. डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेला रेझिस्टर) 5 वॉट मिळाले, पण सप्लायमधून 0.6 अँपिअर, म्हणजे 7.2 वॉट जात होते. मॉसफेटला बोट लावलं तर चटकाच बसला.

सर म्हणाले, "ट्रान्झिस्टर आहे, तापणारच. हीटसिंक मोठा लाव. नव्वद टक्के एफिशियन्सी वगैरे कागदावर!" तळहाताएवढा लावलासुद्धा. करंट काही हलला नाही.

मग स्कोपचा (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) प्रोब ड्रेनवर टेकवला. व्होल्टेजने टेकडीसारखं चढून उतरायला हवं, अलगद शून्याला टेकायला हवं आणि त्या क्षणी मॉसफेट ऑन व्हायला हवा. माझ्याकडे उतार मधेच संपून पुढे सरळ कडा! तो कडा म्हणजे कपॅसिटरमधला चार्ज मॉसफेटच्या अंगावर रिकामा होत होता, सेकंदाला 70 लाख वेळा. कारण सांगायला लाज वाटते: मॉसफेटची स्वतःची शंभरेक पिकोफॅरड मी धरलीच नव्हती. ती त्या 250 मध्येच मोजायची असते. बाहेरचे 100 काढले, टोरॉइडवरचे (कॉइलच्या गोल कड्यावरचे) वेढे जरा सरकवले, टेकडी शून्याला टेकली. 5 वॉट तेवढेच, करंट 0.48 अँपिअर. 87 टक्के झाले की, सर!

उष्णता होते ती व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी अंगावर असले की. इथे एक असताना दुसरा जवळपास नसतो, एवढीच युक्ती आहे. क्लास-बी, म्हणजे ट्रान्झिस्टर अर्धी सायकलच चालवणारा जुना प्रकार, आदर्श असला तरी 78.5 टक्क्यांवर थांबतो. नेथन आणि अ‍ॅलन सोकल या बापलेकांनी 1975 मध्ये क्लास-ईचा पेपर लिहिला, त्यात हे सगळं आहे. (हो, मुद्दाम निरर्थक लेख छापून आणून एका नियतकालिकाला फसवणारा भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल तोच.)

तेव्हा तापलं की आधी ड्रेनची वेव्हफॉर्म बघा, हीटसिंक नंतर. वयाने मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून मुळीच लावू नका.

हां, ड्रेनवर सप्लायच्या 3.56 पट व्होल्टेज चढतं, 12 ला सुमारे 43. अँटेना निसटली तर आणखी वर जाऊन मॉसफेट उडू शकतो. आणि एसएसबीला (रेडिओवर आवाज पाठवायची एक पद्धत) हे थेट चालत नाही, कारण स्विचला आवाजाचा चढउतार कळत नाही. मोर्स, एफएम खुशाल करा. हॅम रेडिओचं लायसन्स नसेल तर डमी लोडवरच.

तो हीटसिंक सध्या माझ्या टेबलावर पेपरवेट आहे. सरांनी हवा तर घेऊन जावा.