घर न्यू जर्सीत, क्लायंट चार राज्यांत: १०९९ च्या उत्पन्नावर कर कोणत्या राज्याला?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही एडिसनला राहता, जानेवारीत नोकरी सोडून डेटा अ‍ॅनालिटिक्सची स्वतंत्र कामं सुरू केलीत, ज्यांचे पैसे क्लायंट पगार म्हणून नाही, तर १०९९ या फॉर्मवर दाखवतात. मॅनहॅटनच्या क्लायंटकडे आठवड्यातून दोन दिवस जाता, टेक्सास आणि कॅलिफोर्नियाच्या क्लायंटचं काम घरून करता, आणि फिलाडेल्फियात दोन दिवसांची कार्यशाळा घेतलीत. आता एक मैत्रीण म्हणते, "घर न्यू जर्सीत ना, मग रिटर्न फक्त न्यू जर्सीचं." दुसरी म्हणते, "चारही राज्यांत भरावं लागेल." मी अकरा वर्षं याच पद्धतीने काम करते आहे. दोघींचंही उत्तर अर्धवट आहे, आणि पहिलीचं जास्त महागात पडतं. मी सीपीए (परवानाधारक हिशेबनीस) नाही. पण हे सगळं स्वतः निस्तरलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक भीती काढून टाका. १५.३ टक्क्यांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, म्हणजे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, हा फक्त फेडरल आहे. तो एकदाच लागतो, राज्याराज्यांत वाटला जात नाही. शेड्यूल सी, म्हणजे धंद्याच्या नफ्या-तोट्याचा फेडरल तक्ता, तोही एकच. वाटणी होते ती फक्त राज्यांच्या आयकराची.

त्या वाटणीचं मूळ सूत्र असं: तुम्ही जिथे राहता ते राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर कर लावतं, ते कुठेही कमावलेलं असो. इतर राज्यं फक्त त्यांच्या हद्दीतल्या उत्पन्नावर. मग घरचं राज्य बाहेर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, देतं. ही घरच्या राज्याची मेहेरबानी आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने वाईन (Wynne) आडनावाच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. मेरीलँडमधल्या एका जोडप्याला इतर राज्यांतल्या व्यवसायातून उत्पन्न होतं. राज्याच्या हिश्शावर क्रेडिट मिळत होतं, पण काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या) हिश्शावर नाही. कोर्टाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली, कारण तिच्यामुळे राज्याबाहेर कमावणाऱ्यावर जास्त बोजा पडतो. म्हणून क्रेडिट मागताना संकोच नको.

आता खरा गुंता: "त्यांच्या हद्दीतलं उत्पन्न" म्हणजे काय?

तुमच्या १०९९-एनईसीच्या (स्वतंत्र कामाच्या पैशांचा १०९९) सहाव्या चौकटीत न्यूयॉर्कचं नाव छापून येईल म्हणून तुम्ही घाबरलात. ते पैसे देणाऱ्याने त्याच्या सोयीने छापलेलं असतं. चेक कुठून आला, क्लायंटचं मुख्य ऑफिस कुठे आहे, यावरून न्यूयॉर्कचा हक्क ठरत नाही. धंदा न्यूयॉर्कमध्ये चालतो का, म्हणजे तिथे तुमची जागा आहे का किंवा तिथे नियमितपणे, सातत्याने काम करता का, यावरून ठरतो. दर आठवड्याला दोन दिवस तिथे बसून काम म्हणजे नियमित झालंच. तेव्हा त्या दिवसांचा नफा न्यूयॉर्कचा, आणि त्यासाठी आयटी-२०३ हे अनिवासींचं रिटर्न भरायचं, सोबत वाटणीसाठी आयटी-२०३-ए. त्याच क्लायंटचं जे काम तुम्ही एडिसनला स्वतःच्या टेबलावर करता, ते न्यूयॉर्कचं नाही.

इथे नोकरदार मंडळींचे सल्ले गोंधळ घालतात. न्यूयॉर्कचा एक नियम आहे की तिथल्या कंपनीचा कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी घरून काम करत असेल, तर ते दिवसही न्यूयॉर्कचेच धरायचे. तुमच्या शेजाऱ्यांनी तो सांगितला असणार, आणि त्यांच्यापुरतं ते बरोबर आहे. पण तो पगारदारांचा नियम आहे. तुम्ही खरोखर स्वतंत्र व्यावसायिक असाल तर तो तुम्हाला लागू नाही.

मात्र वाटणी सिद्ध करायची जबाबदारी तुमची. तुमच्या हिशोबाच्या वहीतून न्यूयॉर्कमधला नफा स्वच्छ दिसत असेल तर त्या वहीप्रमाणे वाटणी होते. नसेल तर मालमत्ता, दिलेला पगार आणि एकूण उत्पन्न यांच्या सूत्राने. म्हणून माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं एकच आहे: कोणत्या दिवशी कुठे बसून कुणाचं काम केलंत, ते त्या त्या दिवशी लिहा.

हे का सांगते, ऐका. माझ्या तिसऱ्या वर्षी मी शेजारच्या राज्यात एका क्लायंटकडे ४७ दिवस जाऊन काम केलं. ज्यांच्याकडून रिटर्न भरून घेतलं त्यांनी सगळं उत्पन्न न्यू जर्सीत दाखवलं, आणि मीही न विचारता सही केली. चार वर्षांनी पलीकडच्या राज्याचं पत्र आलं. मला वाटलं, तीन वर्षं उलटली म्हणजे विषय संपला. पण तीन वर्षांचं घड्याळ रिटर्न भरल्यावर सुरू होतं. भरलंच नसेल तर मुदत संपत नाही, दहा वर्षांनीही विचारू शकतात. मग ते ४७ दिवस शोधायला दोन महिने गेले. बँकेची स्टेटमेंटं, मेट्रोपार्क स्टेशनच्या पार्किंगच्या पावत्या, ई-झेडपासची (टोलची) यादी, जुन्या ईमेल, सगळं जमिनीवर पसरून बसले होते. एकोणचाळीस दिवसांचे पुरावे सापडले, आठ दिवसांचे नाहीच. न्यू जर्सीकडून क्रेडिट मिळवायला जुनं रिटर्न एनजे-१०४०एक्सने दुरुस्त करावं लागलं. कराचं क्रेडिट मिळालं. दंड आणि व्याजाचं मिळत नाही, ते गेलं.

तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, आई जिथे दुधाचा हिशोब लिहायची त्याच चौकटीत, मी रोज दोन अक्षरं लिहिते: "न्यू" किंवा "घ" किंवा "फि". महिनाअखेरीला ती एक्सेलमध्ये जातात: तारीख, ठिकाण, क्लायंट, तास. सोबत त्या दिवशीच्या रेल्वे तिकिटाचा स्क्रीनशॉट. महिन्याला वीस मिनिटं लागतात.

आता रिटर्नचा क्रम. आधी बाहेरच्या राज्यांची रिटर्नं पूर्ण करायची, मग न्यू जर्सीचं एनजे-१०४०, कारण त्याला जोडायच्या शेड्यूल एनजे-सीओजेमध्ये बाहेर किती कर लागला तो आकडा लागतो. उलट्या क्रमाने केलंत तर सगळं परत करावं लागतं. (कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना, ओरेगन अशा काही राज्यांच्या जोड्यांमध्ये क्रेडिट घरचं राज्य न देता बाहेरचं देतं. तुम्हाला ते लागू नाही, पण तिकडचं कुणी हे वाचत असेल तर आधी तपासा.)

आणि क्रेडिट म्हणजे भरलेलं सगळं परत, असं समजू नका. समजा एकूण उत्पन्न १,००,००० डॉलर, त्यातलं न्यूयॉर्कच्या दिवसांचं ३०,०००. न्यू जर्सीचा पूर्ण उत्पन्नावरचा कर ४,२०० धरू. त्यातला ३० टक्के वाटा म्हणजे १,२६०; क्रेडिटची कमाल मर्यादा ही. न्यूयॉर्कने त्याच ३०,००० वर १,५०० घेतले असतील तर क्रेडिट १,२६० चंच, वरचे २४० तुमच्या खिशातून. (आकडे हिशोब समजण्यापुरते आहेत.) न्यूयॉर्कचा कर जास्त येण्याचं एक कारण लक्षात ठेवा: ते आधी तुमच्या पूर्ण उत्पन्नावर, जणू तुम्ही तिथलेच रहिवासी आहात असा कर काढतात आणि मग न्यूयॉर्कच्या टक्केवारीने गुणतात. त्यामुळे "माझे तर तिथले तीसच हजार, खालचा दर लागेल" हे गणित चालत नाही.

न्यूयॉर्क शहराचा वैयक्तिक आयकर बाहेर राहणाऱ्यांना लागत नाही. येऊन-जाऊन काम करणाऱ्यांवरचा कर १९९९ साली रद्द झाला. पण स्वतंत्र धंद्यावर शहराचा वेगळा ४ टक्क्यांचा अनइन्कॉर्पोरेटेड बिझनेस टॅक्स आहे, आणि तो अनिवासींनाही लागतो. कर ३,४०० डॉलरपर्यंत येत असेल तर पूर्ण क्रेडिट मिळून शून्य होतो. तुमचं काम वाढलं की हा येईल, तेव्हा आत्ताच ठाऊक असू द्या. शिवाय ठराविक मर्यादेवर गेलात की एमटीएच्या वाहतूक जाळ्यासाठीचा एमसीटीएमटी नावाचा छोटा करही स्वयंरोजगारवाल्यांना लागतो.

मॅनहॅटनमध्ये छोटा स्टुडिओ भाड्याने घ्यायचा विचार आहे, असं तुम्ही सहज लिहिलंय. कृपया आधी हे वाचा. न्यूयॉर्कमध्ये कायमस्वरूपी राहण्याजोगी जागा ठेवली आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तिथे होतात, तर न्यूयॉर्क तुम्हाला रहिवासीच मानतं. मग दोन्ही राज्यं तुमच्या सगळ्या उत्पन्नावर हक्क सांगतात आणि शहराचा आयकरही मागे लागतो. आठवड्याला दोन दिवसांत १८३ होत नाहीत, पण जागा घेतल्यावर दिवस वाढतातच.

फिलाडेल्फियाबद्दल. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात करार आहे की एकमेकांच्या रहिवाशांच्या पगारावर कर लावायचा नाही. पण तो फक्त पगाराला आहे. कार्यशाळेची फी ही धंद्याची कमाई, तिला करार लागू नाही. तेव्हा पीए-४० हे पेनसिल्व्हेनियाचं रिटर्न अनिवासी म्हणून, सरसकट ३.०७ टक्के. फिलाडेल्फिया शहराचे धंद्यावरचे कर वेगळे आहेत, त्यांची नोंदणी शहराकडे स्वतंत्र करावी लागते. दोन दिवसांच्या कामासाठी एवढा कागद जिवावर येतो, हे मान्य. मी आता अशी कार्यशाळा घेताना रिटर्न भरून घेण्याचा खर्च फीमध्येच धरते.

टेक्सासचं सगळ्यात सोपं. तिथे आयकर नाही, रिटर्न नाही. पण म्हणून ते पैसे करमुक्त झाले असं नाही. काम एडिसनला झालं, तुम्ही एडिसनच्या, न्यू जर्सी त्यावर पूर्ण कर घेणार आणि क्रेडिटचा प्रश्नच नाही, कारण बाहेर काही भरलेलंच नाही. फ्लोरिडा, नेवाडा, टेनेसी, वॉशिंग्टन इथल्या क्लायंटचंही तसंच.

कॅलिफोर्निया मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि तुमच्या प्रश्नात मला काळजी वाटली ती याचीच. न्यूयॉर्क काम कुठे झालं ते बघतं. कॅलिफोर्निया सेवेचा लाभ ग्राहकाला कुठे मिळाला ते बघतं. २०१९ साली तिथल्या ऑफिस ऑफ टॅक्स अपील्सने एक निर्णय दिला. अ‍ॅरिझोनात राहणारा एक पटकथालेखक घरी बसून लिहीत होता, दोन कंपन्या कॅलिफोर्नियातल्या होत्या. तो म्हणाला, मी तर कॅलिफोर्नियात पाऊलही न टाकता काम केलं. निर्णय त्याच्या विरुद्ध गेला: लाभ कॅलिफोर्नियात मिळाला, म्हणून उत्पन्न कॅलिफोर्नियाचं. त्यामुळे तुमचा सॅन होजेचा क्लायंट तुमचं काम तिथेच वापरत असेल तर ५४०एनआर हे रिटर्न तुम्हाला भरावं लागू शकतं. काम एडिसनला झालेलं असताना न्यू जर्सी या कराचं क्रेडिट देईल हे गृहीत धरू नका. दोन्ही राज्यांचे नियम शेजारी ठेवूनच उत्तर निघतं. या एका मुद्द्यासाठी दोन राज्यांची कामं करणाऱ्या सीपीएला पैसे देऊन विचारा, आणि करारात तुमचं काम क्लायंटच्या कोणत्या ऑफिसात वापरलं जाणार ते लिहून घ्या.

तुमच्या चर्चेत कुणीतरी डेलावेअरला एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) काढायचा सल्ला दिलाय. एकाच मालकाची एलएलसी आयकरासाठी तुमच्यापासून वेगळी धरली जात नाही. उत्पन्न शेड्यूल सीमध्येच येतं, राज्यांची वाटणी तशीच राहते, वर डेलावेअरची वार्षिक फी. दायित्वाच्या संरक्षणासाठी एलएलसी काढा, पण यासाठी नको.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी मध्येच सांगते. एच-१बी वर असताना १०९९ चं काम करता येत नाही. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून हे सगळं लागू. आणि पुण्याच्या फ्लॅटच्या भाड्यावर भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट फेडरलमध्ये फॉर्म १११६ ने मिळतं, न्यू जर्सीत मिळत नाही. सीओजे शेड्यूल अमेरिकेतल्या राज्यांसाठी आहे, परदेशासाठी नाही. बरेच जण तिथे भारताचा आकडा टाकतात आणि मग पत्र येतं.

शेवटचं, हप्ते. नोकरीत कर आपोआप कापला जायचा, आता कुणी कापत नाही. १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी या तारखांना फेडरलबरोबर न्यू जर्सीचे हप्ते एनजे-१०४०-ईएसने आणि न्यूयॉर्कचे आयटी-२१०५ ने भरायचे. सगळं न्यू जर्सीत भरून वर्षअखेरीला क्रेडिट मागू, असं केलंत तर न्यूयॉर्क कमी भरल्याचा दंड लावतं आणि न्यू जर्सीत तुमचे पैसे उगाच अडकून राहतात. न्यूयॉर्कच्या हिश्शाएवढा न्यू जर्सीचा हप्ता कमी करा.

तुमचा एप्रिलचा हप्ता फक्त न्यू जर्सीला गेलाय, असं लिहिलंत. जूनच्या हप्त्यात न्यूयॉर्कचं मागचं भरून काढता येईल. जानेवारीपासूनचे मॅनहॅटनचे दिवस, त्या क्लायंटचं एकूण बिल आणि खर्च एवढे तीन आकडे इथे लिहा, क्लायंटचं नाव नको. आयटी-२१०५ चा आकडा काढायला मी बसते तुमच्याबरोबर.