‘सोनेरी डॅफोडिल्सचा यजमान’

अकरावीतली मुलगी, आईबरोबर आली होती. दहावीपर्यंत अकोले तालुक्यातल्या गावी मराठी माध्यम, आता नाशिकला हॉस्टेल. आई म्हणाली, “इंग्रजीची कविता आली की रडते. मराठी शाळेत घातलं तिथंच आमचं चुकलं का?” मुलगी मान खाली घालून म्हणाली, “मॅडम, सगळ्या शब्दांचे अर्थ काढते, तरी कळत नाही. मी ढ आहे का?”

मी वही मागितली. इंग्रज कवी वर्डस्वर्थची, डॅफोडिल्स या पिवळ्या फुलांवरची कविता. जवळजवळ प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ. ‘होस्ट’वर लिहिलं होतं ‘यजमान’! तिथे तो शब्द ‘मोठा समुदाय’ या अर्थाने येतो. डिक्शनरीतला पहिला अर्थ तिने इमानेइतबारे उतरवला होता. इतके कष्ट घेणारी मुलगी ढ कशी असेल?

वहीऐवजी पुस्तक दिलं आणि कविता दोनदा मोठ्याने वाचायला लावली. मग विचारलं, “क्रियापदांचा काळ कुठे बदलतो?” बराच वेळ ती शोधत राहिली. बोट शेवटच्या कडव्यावर थांबलं. आधी भटकलो, पाहिलं, बघत राहिलो. शेवटी मात्र वर्तमानकाळ. फुलं तळ्याकाठीच राहिली आणि माणूस घरी कोचावर पडलाय.

मग तिला हकीकत सांगितली. १५ एप्रिल १८०२ला इंग्लंडमधल्या अल्सवॉटर तळ्याकाठी वर्डस्वर्थने ही फुलं पाहिली. बहीण डोरोथी सोबत होती, तिने रोजनिशीत सगळं टिपलं. कविता लिहिली गेली दोनेक वर्षांनी, छापली गेली १८०७मध्ये. शेवटच्या कडव्यात ती फुलं मनातल्या डोळ्याला दिसतात, त्या दोन ओळी तर बायकोने, मेरीने, सुचवलेल्या.

“म्हणजे ही आठवण आहे?” ती थोडा वेळ गप्प बसली. “आमच्या डोंगरावर पावसाळा सरताना सोनकी फुलते. अख्खा उतार पिवळा. हॉस्टेलच्या कॉटवर पडलं की मला तेच दिसतं.”

आईने चमकून तिच्याकडे पाहिलं. पोरीला घराची इतकी आठवण येते, हे तिला तेव्हाच कळलं.

हीच काळजी घेऊन बरेच पालक येतात. माध्यमाला बोल लावू नका, एवढं मी कळकळीने सांगते. कविता असो वा गोष्ट, पहिलं वाचन डिक्शनरीशिवाय होऊ द्या. कोण बोलतंय, कुठे आहे, कुठे काय पालटलं, एवढं आधी सापडू द्या. अडलेले शब्द मग बघा आणि गाइड सगळ्यात शेवटी.

महिन्याने ती नवी कविता घेऊन आली. पेन्सिलीचे अर्थ पाचच शब्दांवर होते. समासात लिहिलं होतं, “हा कोणाशी बोलतोय?”